स्वतः शिकून इंटरॅक्टिव्ह वेब डेव्हलपर व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा: पदवी भलत्याच विषयातली, वर्षभर व्हिडिओ बघून एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट शिकून झालं, व्हिडिओत दाखवलेले प्रकल्पही करून झाले. आता वाचकाला हाताळता येतील असे आलेख, शैक्षणिक सिम्युलेशन, एखाद्या वस्तूचं फिरवून बघता येणारं त्रिमितीय रूप, अशी कामं करायची आहेत. रिॲक्ट ही पानाचे भाग बांधायची लायब्ररी (तयार कोडचा संच) शिकावी की थ्री.जेएस ही त्रिमितीय दृश्यांची? पदवी नसताना कोणी दारात उभं करेल का? एआय कोड लिहून देत असताना या शिकण्याला काही अर्थ उरलाय का? आणि आधी नोकरी धरावी की फ्रीलान्स?

पदवीचं आधी सांगतो, कारण त्याची धास्ती सगळ्यात जास्त असते आणि उत्तर सगळ्यात सोपं आहे. या कामाचा दर्जा उघड्यावर असतो. तुम्ही लिंक पाठवता, समोरचा ती मोबाइलवर उघडतो, बोटाने ओढून बघतो, आणि मिनिटाभरात त्याला कळतं की हे करणाऱ्याला काम येतं की नाही. मोठ्या कंपन्यांत अर्ज चाळताना पदवीची अट आडवी येते, हे खरं. पण इंटरॅक्टिव्ह काम मुख्यतः होतं ते छोट्या स्टुडिओंत, वृत्तपत्रांच्या ग्राफिक्स विभागांत, संग्रहालयांसाठी काम करणाऱ्या चमूंत आणि शैक्षणिक साहित्य बनवणाऱ्या संस्थांत. तिथे माणसं आधी काम बघतात. मी स्वतः उमेदवार निवडतो तेव्हा शिक्षणाचा रकाना वाचण्याआधी लिंक उघडतो.

आता लायब्ररीचा प्रश्न. कोणती शिकू, हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि माझं उत्तर ठाम आहे: सध्या एकही नको. हे टोकाचं वाटेल, पण या क्षेत्राचा इतिहास बघा. १९९६ साली आलेल्या फ्लॅश या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरने पुढे कितीतरी वर्षं वेबवरच्या हलत्या-बोलत्या कामावर राज्य केलं. खेळ, जाहिराती, धडे, अख्ख्या वेबसाइट त्यात बनत. आयफोनने फ्लॅश कधीच चालवलं नाही, २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी त्याची कारणं जाहीर पत्रात मांडली, आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर अडोबीने फ्लॅश प्लेअरला वाऱ्यावर सोडलं. ज्यांना फक्त त्या सॉफ्टवेअरचे मेनू पाठ होते त्यांना पाटी कोरी करावी लागली. ज्यांना हालचाल कुठे मंदावायची, वापरणाऱ्याच्या कृतीला कसं उत्तर द्यायचं, चाललेली गोष्ट मध्येच थांबवली तर काय करायचं हे कळत होतं, त्यांचं ज्ञान कॅनव्हास (ब्राउझरमधला चित्र काढायचा फलक) आणि वेबजीएल (ब्राउझरची त्रिमितीय चित्रणाची सोय) यांत जसंच्या तसं कामी आलं.

ब्राउझर मात्र जुनं मोडत नाही. इव्हेंट (टिचकी, स्पर्श अशा घडामोडींची सूचना) ऐकण्याची जी पद्धत तुम्ही आज वापरता ती २००० सालच्या डॉम लेव्हल २ या प्रमाणकात ठरली. कॅनव्हास ॲपलने २००४ मध्ये आणला. दोन्ही आजही रोजच्या वापरात आहेत. म्हणून शिकण्याचे पहिले कष्ट ब्राउझरवर घाला. थ्री.जेएस पुढे महिन्याभरात हाताखाली येईल. ब्राउझर कच्चा राहिला तर प्रत्येक लायब्ररी कोडं वाटत राहते.

पण ‘पाया पक्का करा’ एवढं सांगून कोणाचं भलं होत नाही, म्हणून एक ठोस काम देतो. एकच गोष्ट बनवा: एकाच जागेची आधीची आणि नंतरची अशी दोन छायाचित्रं एकावर एक, मध्ये एक उभी पट्टी, आणि ती पट्टी ओढली की एक चित्र झाकलं जातं, दुसरं उघडतं. लायब्ररी न वापरता. व्हिडिओ न बघता. पहिलं रूप एका संध्याकाळी होईल आणि माउसने छान चालेल. खरं काम तिथून सुरू होतं.

तीच गोष्ट फोनवर उघडा. पट्टी थोडी सरकेल आणि अडकेल, कारण बोटाची हालचाल म्हणजे पान सरकवणं असा ब्राउझरचा समज होतो. तो हालचाल स्वतःकडे घेतो आणि तुमच्या कोडला ‘पॉइंटरकॅन्सल’ इव्हेंट पाठवून मोकळा होतो. इथे तुम्हाला सीएसएसमधला टच-ॲक्शन हा गुणधर्म भेटेल. त्याला ‘पॅन-वाय’ ही किंमत दिली की उभं सरकणं ब्राउझरकडे राहतं आणि आडवी हालचाल तुमच्याकडे येते. सरसकट ‘नन’ दिलंत तर चित्रावर बोट ठेवणाऱ्या वाचकाला पान खाली नेताच येणार नाही. मोठमोठ्या वेबसाइटवर हा दोष आजही दिसतो आणि मला तो बघवत नाही, कारण वाचकाला वाटतं आपलाच फोन बिघडलाय.

मग पट्टी जोरात ओढून बघा. पॉइंटर पट्टीच्या बाहेर निसटला की ओढणं तुटतं. त्यावर ‘सेटपॉइंटरकॅप्चर’ हा उपाय आहे: बोट किंवा माउस कुठेही गेला तरी उचलेपर्यंत सगळे इव्हेंट त्याच घटकाला मिळतात. आता खिडकीचा आकार बदला, फोन आडवा करा. पट्टीची जागा तुम्ही पिक्सेलमध्ये साठवली असेल तर ती भलतीकडेच दिसेल. शून्य ते एक अशा प्रमाणात साठवली असेल तर काहीच बिघडणार नाही. मग एक चित्र उतरायला उशीर लागतोय असं धरून चाला. दोन बोटं एकाच वेळी लावली तर? ओढता ओढता फोन वाजला तर?

पुढे माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डने पट्टी हलवून बघा. बहुधा हलणारच नाही. यावर माझा आवडता उपाय म्हणजे आत ब्राउझरचा स्वतःचा रेंज स्लायडर ठेवणं आणि पट्टी त्याच्या किमतीशी जोडणं. बाणाच्या कळा, होम आणि एंड, स्क्रीन रीडरला (पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) किंमत सांगणं, हे सगळं आयतं मिळतं. अनेक जण दिखाव्यापायी हा घटक टाळतात आणि मग तेच सगळं हाताने अर्धवट बांधत बसतात. शिवाय ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यतेच्या प्रमाणकात ओढण्याच्या कृतीवर स्वतंत्र नियमच आहे: जे ओढून करता येतं ते न ओढता, नुसत्या टिचकीनेही करता आलं पाहिजे. हात थरथरणाऱ्या माणसाला ओढणं किती अवघड असतं हे एकदा बघितलंत तर तो नियम जाचक वाटणार नाही. स्पर्श करण्याच्या जागेचा किमान आकारही त्यात दिला आहे, २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल. मी स्वतः त्याहून बराच मोठा ठेवतो.

एवढं सगळं एका पट्टीतून निघालं. माझं म्हणणं हेच आहे: इंटरॅक्टिव्ह डेव्हलपर घडतो तो एखादी छोटी गोष्ट दुसऱ्या कोणाच्याही हातात, कोणत्याही उपकरणावर नीट चालेपर्यंत तिच्या मागे लागल्याने. वीस अर्धवट प्रयोगांतून ही समज येत नाही. व्हिडिओतला शिक्षक जिथे ‘झालं’ म्हणतो, तिथे या कामाचा पहिला टप्पा संपलेला असतो, इतकंच.

दुसरी जागा जिथे स्वतः शिकलेली बहुतेक मंडळी कच्ची राहतात, ती म्हणजे वेळ. सेकंदाला ६० वेळा ताजा होणाऱ्या पडद्यावर एका फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यात तुमचा जावास्क्रिप्ट, ब्राउझरची मांडणी आणि रंगकाम सगळं उरकायचं. म्हणून हलणाऱ्या घटकाची डावी-वरची जागा किंवा रुंदी बदलण्यापेक्षा ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटी बदला. त्यांच्यासाठी ब्राउझरला पानाची मांडणी पुन्हा करावी लागत नाही. हे पाठ करू नका, ब्राउझरच्या डेव्हटूल्स या तपासणीच्या साधनांतल्या परफॉर्मन्स टॅबमध्ये स्वतः रेकॉर्ड करून बघा. तिथे दिसणाऱ्या पट्ट्या वाचता आल्या की तुम्ही अंदाज बांधणं सोडून मोजायला लागता.

आणि पडदा ६० चाच असेल असं धरू नका. १२० हर्ट्झचे फोन आता सर्रास आहेत. ‘रिक्वेस्टॲनिमेशनफ्रेम’च्या प्रत्येक फेरीत वस्तू दोन पिक्सेल पुढे ढकलणारा कोड अशा फोनवर दुप्पट वेगाने धावतो. तुमच्या लॅपटॉपवर देखणं वाटलेलं ॲनिमेशन तिथे घाईघाईचं दिसतं. उपाय सोपा आहे: त्या फंक्शनला ब्राउझर वेळ देतोच. मागच्या फेरीपासून किती वेळ गेला ते काढा आणि वेगाला त्याने गुणा. दरवेळी उरलेल्या अंतराचा दहावा भाग पुढे सरकण्याची जी लोकप्रिय युक्ती आहे, तिलाही हाच दोष आहे. तिथे नुसता गुणाकार पुरत नाही, घातांकी सूत्र लागतं. इथे शाळेतलं गणित परत येतं. घाबरण्यासारखं काही नाही, पण साइन-कोसाइन, सदिशांची बेरीज, दोन किमतींमधली मधली किंमत काढणं आणि कोनाचं अंतर, एवढं हातात असायलाच हवं. कॅनव्हासवर घड्याळ, लंबक आणि माउसच्या मागे येणारा ठिपका बनवा. गणित वहीपेक्षा लवकर डोक्यात शिरतं. चित्रकलेकडून आलेल्यांना पी५.जेएस हे कोडने चित्रं काढायचं साधन गोड वाटतं. लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये ते सुरू केलं ते अशाच नवख्यांसाठी, आणि शिकण्यापुरतं ते वापरायला माझी हरकत नाही.

प्रतिसादाचा वेगही याच खात्यात येतो. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९३ मध्ये मांडलेली मर्यादा अजून टिकून आहे: कृतीला साधारण ०.१ सेकंदात उत्तर मिळालं तर माणसाला ते तत्काळ वाटतं. गूगल मार्च २०२४ पासून आयएनपी (कृतीनंतर पडदा बदलेपर्यंतचा वेळ) या मापाने हीच गोष्ट तपासतं. तिथे चांगल्याची मर्यादा २०० मिलिसेकंद आहे. तुमच्या वेगवान संगणकावर हे सहज जमतं. म्हणून एक जुना, हळू फोन जवळ ठेवा आणि प्रत्येक काम त्यावर तपासा. मी नव्या माणसाला हीच पहिली सवय लावतो.

हालचालीबद्दल आणखी एक, आणि हे मी कळकळीने सांगतोय. काही लोकांना मोठ्या सरकत्या, झूम होणाऱ्या दृश्यांनी खरोखर चक्कर येते, मळमळतं. त्यांनी आपल्या फोनमध्ये हालचाल कमी ठेवण्याची सोय चालू केलेली असते आणि ‘प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ ही सीएसएसमधली मीडिया क्वेरी (अट) ती तुम्हाला कळवते. तिचा मान राखा: उडी मारून येणारं दृश्य साध्या विरघळण्याने आणा. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काहीही करू नका, कारण अपस्मार असणाऱ्या माणसाला त्यातून झटका येऊ शकतो. हे ‘नंतर बघू’ म्हणायचे विषय नाहीत. मुलाखतीत उमेदवार स्वतःहून याबद्दल बोलला की माझं अर्धं मत तिथेच बनतं.

स्टेटबद्दल, म्हणजे कामाच्या त्या क्षणीच्या स्थितीबद्दल, फार लांबवत नाही. पडद्यावर काय दिसतंय त्यावरून पुढचं ठरवू नका. खरी स्थिती एका ऑब्जेक्टमध्ये ठेवा आणि त्यावरून पडदा रंगवा. हे स्वतः दोन-तीनदा करून बघितलंत की २०१३ मध्ये रिॲक्ट कोणत्या दुखण्यावरचं औषध म्हणून आलं ते आपोआप उमगेल, आणि मग ते शिकायला वेळ लागणार नाही. नोकरीच्या जाहिरातींत रिॲक्ट किंवा तत्सम काहीतरी मागितलेलं असतं, तेव्हा ते शिकावं लागेलच. फक्त क्रम उलटा करू नका.

एकट्याने शिकण्यात एक उणीव हमखास राहते: तुमचा कोड दुसऱ्या कोणी वाचलेला नसतो आणि तुम्हीही दुसऱ्याचा वाचलेला नसतो. नोकरीत मात्र लिहिण्यापेक्षा वाचण्यातच जास्त वेळ जातो. यासाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या विज्ञान-गणिताच्या सिम्युलेशनांच्या प्रकल्पाची शिफारस करतो. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये तो सुरू केला. त्यांची जुनी सिम्युलेशनं जावा आणि फ्लॅशमध्ये होती, ती नंतर एचटीएमएल५ मध्ये नव्याने बांधली गेली, आणि त्यांचा कोड खुला आहे. एखादं सिम्युलेशन आधी विद्यार्थी होऊन वापरा. कोणती गोष्ट ओढता येते, चुकीचं केलं तर काय होतं, सूचना किती कमी आहेत, हे टिपा. मग तोच कोड उघडा आणि एका बटणाचा माग काढा. पहिल्यांदा काही उमजणार नाही. तरी चिकाटी सोडू नका. अनोळखी कोडमध्ये वाट काढणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते सरावाने येतं. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, तेही याच वेळी शिका, निदान फांदी (कोडची स्वतंत्र वाट) काढणं, ती मूळ कोडला जोडणं आणि बदलाचं कारण समजेल अशा शब्दांत लिहिणं. एखाद्या खुल्या प्रकल्पात छोटीशी दुरुस्ती पाठवलीत तर तिच्यावर येणारे शेरे कोणत्याही कोर्सपेक्षा जास्त शिकवतात. संदर्भासाठी एमडीएन (वेब तंत्रज्ञानाचं ऑनलाइन संदर्भस्थळ) उघडं ठेवा. व्हिडिओपेक्षा ते रुक्ष वाटेल, पण आम्ही सगळे दिवसभर तेच बघत असतो.

एआयबद्दल. हो, वरची पट्टी तो काही सेकंदांत लिहून देईल, आणि माउसने ती छान चालेलही. पण पट्टी बोटाखाली अडखळते आहे, १२० हर्ट्झवर घाई करते आहे, सरकताना जड वाटते आहे, हे फोन हातात धरलेल्या माणसालाच जाणवतं. ज्याला ते जाणवतं आणि कारण शोधता येतं, त्याच्या हातात ते साधन फार उपयोगी आहे. ज्याला येत नाही, तो त्याच साधनाला पुन्हा पुन्हा ‘दुरुस्त कर’ म्हणत राहतो आणि कोड फुगत जातो. शिकण्याच्या काळात माझा सल्ला असा: आधी स्वतः लिहा, अडलात तर कारण विचारा, तयार उत्तर मागू नका. आणि ज्या ओळीचं कारण सांगता येत नाही ती ओळ पोर्टफोलिओत ठेवू नका, कारण मुलाखतीत बोट नेमकं त्याच ओळीवर ठेवलं जातं.

पोर्टफोलिओत तीन कामं पुरेत. व्हिडिओवरून केलेले प्रकल्प त्यात घालू नका. तेच हवामानाचं ॲप आणि तीच कामांची यादी बघून निवडणाऱ्याचे डोळे दमलेले असतात. तुमची मूळ पदवी ज्या विषयातली आहे तिथून विषय उचला. लेखाशास्त्र शिकला असाल तर व्याजदर बदलला की कर्जाचा काळ कसा वाढतो हे सरकवून दाखवा. जीवशास्त्र शिकला असाल तर संसर्ग कसा पसरतो ते दाखवा. तुम्हाला तो विषय आतून कळतो, आणि निव्वळ प्रोग्रामिंग शिकलेल्या माणसाकडे ती गोष्ट नसते. तुमची वेगळी पदवी इथे भांडवल आहे. काम झालं की त्या विषयाशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना द्या आणि गप्प बसून बघा. समजावून सांगायचा मोह आवरा. ते जिथे थबकतात ती जागा सुधारा. मग प्रत्येक कामाखाली पानभर लिहा: काय साधायचं होतं, काय अडलं, कोणता पर्याय का सोडला, कोणत्या उपकरणांवर तपासलं. ते पान निवडणाऱ्याला तुमचा विचार दाखवतं, आणि कोडपेक्षाही तेच आधी वाचलं जातं.

राहिला नोकरी की फ्रीलान्स हा प्रश्न. जमत असेल तर पहिली एक-दोन वर्षं नोकरी, तीही अशा छोट्या चमूत जिथे डिझायनर तुमच्या शेजारी बसतो. तिथे कोड तपासला जातो, मुदतीचा अंदाज बांधायला शिकता येतं आणि ‘हे होणार नाही’ असं कारणासकट सांगायची सवय लागते. पदनाम ‘फ्रंटएंड डेव्हलपर’ असलं तरी चालेल, इंटरॅक्टिव्ह काम हळूहळू तुमच्याकडे वळवून घेता येतं, कारण चमूत ते आवडीने करणारे फार नसतात.

फ्रीलान्सवरच सुरुवात करावी लागली तर काम घेण्याआधी चार गोष्टी लेखी ठरवा. कोणत्या ब्राउझर आणि फोनवर चालायला हवं, मजकूर आणि चित्रं कोण कधी देणार, किती वेळा बदल करून मिळतील, आणि सुपूर्द केल्यानंतर ब्राउझर बदलल्यामुळे काही मोडलं तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने. पैसे टप्प्याटप्प्याने घ्या, पहिला टप्पा काम सुरू करण्याआधी. आणि ‘थोडं जिवंत वाटू द्या’ असं क्लायंट म्हणाला तर होकार देण्याआधी दोन-तीन छोटे चालते नमुने करून त्याच्या हातात द्या. हालचालीबद्दल शब्दांत एकमत होत नाही, बोट लावून बघितल्यावर होतं, आणि त्या दिवशीच मुदत ठरवा.